पंख कुणाला दिसतात?

ट्राउट पकडण्यासाठी गळावर जी बनावट माशी बांधतात ती दोन तऱ्हांची असते. पाण्यात बुडून वाहत जाते ती वेट फ्लाय आणि पाण्यावर तरंगत राहते ती ड्राय फ्लाय. दुसरीचं काम जास्त अवघड. सेंटीमीटरभर लांबीचा पोलादी गळ, त्यावर बारीक दोऱ्याचे वेढे, अंगासाठी थोडी लव किंवा सोललेला पिसाचा दांडा, शेपटीला चार ताठ तंतू आणि डोक्यामागे कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गुंडाळून केलेलं कडं. या कड्याला हॅकल म्हणतात. त्याचे तंतू सगळ्या बाजूंनी बाहेर येतात, त्यांची टोकं पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर टेकतात आणि पोलादाचा गळ असूनही माशी बुडत नाही.

इथपर्यंत कुणाचा फारसा मतभेद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीचा. या सगळ्यावर, खऱ्या किड्याला असतात तसे, दोन पंख उभे करायचे की नाही? इंग्लंड-अमेरिकेतल्या नद्यांवर हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. वरवर पाहता तो छंदिष्टांचा प्रश्न वाटेल. पण त्याचं खरं उत्तर हवं असेल तर आपला डोळा माशाच्या जागी, पाण्याखाली न्यावा लागतो. वकील, लष्करी अधिकारी, नदीचे रखवालदार अशा माणसांनी तो नेला आणि या एका प्रश्नापायी प्रकाशशास्त्र आणि कीटकशास्त्र नदीकाठी शिकून घेतलं. म्हणून मला हा वाद मोलाचा वाटतो.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागलं की तो अस्वस्थ होतो. महाराष्ट्रातल्या नद्यांत तो जगणं शक्य नाही. भारतात तो मूळचा नाहीच. १९०० साली ब्रिटनमधून निघालेली ट्राउटची अंडी काश्मीरला सुखरूप पोचली. आधीच्या वर्षीची खेप वाटेतच वाया गेली होती. पहलगामला जाणारे पर्यटक ज्या लिद्दर नदीकाठी फोटो काढतात, तिच्यातला तपकिरी ट्राउट त्या परदेशी अंड्यांचा वारस आहे. या माशाचं घर मात्र युरोप, आणि आपल्या प्रश्नाचंही.

आधी खरा किडा पाहू. ड्राय फ्लाय बहुतेक वेळा मेफ्लायची नक्कल असते. मेफ्लायचं जवळजवळ सगळं आयुष्य नदीच्या तळाशी, दगडांखाली किंवा गाळात, पिल्लाच्या रूपात जातं. अनेक जातींत ते वर्षभराचं असतं. मग एके दिवशी ते पिल्लू वर येतं, पाण्याच्या पृष्ठभागाशी त्याची कात फाटते आणि आतून पंखांचा किडा बाहेर पडतो. पंख सुकेपर्यंत तो काही क्षण प्रवाहावर बसून वाहत राहतो. पंख पाठीवर जोडून सरळ उभे धरलेले, धुरकट करडे, अपारदर्शक. शिडाच्या होड्यांचा ताफा नदीतून खाली यावा तसे हे किडे येतात. ट्राउटसाठी ही पर्वणी, कारण भक्ष्याला अजून उडता येत नाही.

वाचला तर तो झाडाझुडपांत जातो आणि तिथे एक विलक्षण गोष्ट घडते. पंख फुटल्यावरही तो पुन्हा एकदा कात टाकतो. आज पृथ्वीवर असलेल्या कीटकांत असं करणारा गट फक्त मेफ्लायचा. या दुसऱ्या कातीनंतर पंख काचेसारखे स्वच्छ होतात. मेफ्लाय पंखांच्या अवस्थेत काहीच खात नाही, तोंडाचे अवयव नावापुरतेच उरलेले असतात. मीलन होतं, मादी अंडी घालते आणि मग मेलेले, मरू घातलेले किडे पाण्यावर पडतात. आता पंख उभे नसतात, दोन्ही बाजूंना पसरून पाण्याला चिकटलेले असतात. एकाच किड्याचे हे दोन अवतार आणि पंखांच्या या दोन ठेवणी लक्षात ठेवाव्यात. वादातला निम्मा गोंधळ त्या एकत्र केल्याने झालेला आहे.

पंखांचा घोळ जुनाच आहे. इ. स. २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारीचं वर्णन करून ठेवलं. तिथल्या नदीतले ठिपकेदार मासे एका विशिष्ट माशीवर तुटून पडत, पण ती माशी हातात धरली की तिचा रंग उतरे, पंख कोमेजत आणि मासे तिला शिवत नसत. म्हणून लोकांनी गळाला लाल लोकर गुंडाळली आणि तीवर कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसं बसवली. बनावट माशीची ही बहुधा सर्वांत जुनी तपशीलवार नोंद. ती दोन पिसं पंख म्हणून उभी होती की हॅकलसारखी गोल गुंडाळलेली, हे एलियन सांगत नाही, आणि अभ्यासक आजही दोन्ही बाजूंनी बोलतात.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न ऐरणीवर आणला फ्रेडरिक हॅल्फर्डने. दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यात टेस्ट आणि इचेन या दोन नद्या आहेत. तिथल्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पाऊस त्या दगडात मुरतो आणि झऱ्यांतून सावकाश बाहेर येतो, त्यामुळे या नद्यांना पूर फारसा येत नाही, पाणी बारमाही थंड राहतं आणि इतकं नितळ असतं की काठावरून एकेक मासा नीट दिसतो. मासाही किड्याला तितक्याच निवांतपणे पाहतो. जॉर्ज सेल्विन मॅरियट या जाणकार मित्राच्या मदतीने हॅल्फर्डने इथल्या किड्यांचा अभ्यास केला आणि १८८६ साली तरंगत्या माश्या कशा बांधायच्या याचं पुस्तक काढलं. तरंगत्या माश्या त्याच्या आधीही होत्या, पण त्यांचं शास्त्र त्याने रचलं. रंग, आकार, जात, नर की मादी, सगळं खऱ्या किड्याशी ताडून. १९१० साली त्याने आपली यादी ३३ नमुन्यांवर आणली.

या माश्यांचे पंख बांधणं ही खरोखर कसबाची गोष्ट होती. स्टार्लिंग या मैनेच्या कुळातल्या पक्ष्याच्या उडण्याच्या पिसातून एक अरुंद पट्टी कापायची. तेवढ्याच रुंदीची दुसरी पट्टी समोरच्या पंखातल्या जोडीच्या पिसातून, कारण डाव्या पंखाच्या पिसाची वक्रता उजव्याच्या उलट असते. दोन्ही पट्ट्या पाठीला पाठ लावून चिमटीत धरायच्या, गळावर ठेवायच्या आणि दोरा असा आवळायचा की तंतू एकमेकांवर चढणार नाहीत. केसाएवढी चूक झाली की पट्टी दुमडते, मधोमध फाटते किंवा एका अंगाला कलते. नीट जमलेली माशी हातात धरली की पाहत राहावंसं वाटतं.

आणि नेमकी तीच माशी पहिला मासा लागला की विस्कटते. पट्टीचे तंतू सुटतात, पंखांच्या चिंध्या होतात. दुसरी अडचण फेकताना येते. पंख जरा असमान असले तर माशी हवेत गरगरते, शेवटच्या बारीक तंगुसाला पीळ पडतो आणि थोड्या वेळाने तंगूस मासेमाराच्या बोटांभोवतीच गुंतू लागतो. बिनपंखी माशीचे पुरस्कर्ते या दोन तक्रारी पहिल्यांदा मांडतात आणि त्या खऱ्या आहेत. तिसरी गोष्ट मात्र त्यांनाही बळ देते आणि शंकाही उपस्थित करते: चिंध्या झालेल्या माशीवर पुढचा ट्राउट तितक्याच विश्वासाने येतो. मग शाबूत पंखांनी काय केलं?

अटलांटिकपलीकडे या शंकेला जोर आला. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात थिओडोर गॉर्डन नावाचा आजारी, एकलकोंडा माणूस राहत असे. १८९० साली त्याने हॅल्फर्डशी पत्रव्यवहार केला आणि हॅल्फर्डने त्याला आपल्या माश्यांचे नमुने पाठवले. पण गॉर्डनच्या नेव्हरसिंक नदीचं पाणी खडूच्या झऱ्यांचं नव्हतं. ते दगडांवरून आदळत, फेसाळत येणारं होतं आणि किडेही निराळे होते. त्याने हॅकल अधिक ताठ निवडलं, ते कमी वेढ्यांत गुंडाळलं आणि पंखांना पिसाची पट्टी न वापरता वूड डक या बदकाच्या कुशीतल्या, आडव्या रेघांच्या पिवळसर पिसाची जुडी घेतली. ही जुडी फाटत नाही. कॅट्सकिल पद्धतीची माशी म्हणून पुढे जी नावारूपाला आली ती हीच, आणि तिच्यात पंख टिकले.

त्याच नदीवर मासे धरणाऱ्या एडवर्ड हेविटने मात्र ते काढूनच टाकले. त्याची माशी म्हणजे गळाच्या दांड्यावर शेपटीपासून डोक्यापर्यंत गुंडाळलेलं तपकिरी पीस आणि पुढे पांढऱ्या पिसाचे दोन-चार वेढे. तो पांढरा रंग माणसाला माशी दिसावी म्हणून. ना अंग, ना पंख. खळाळत्या पाण्यात ती उत्तम चालली. कॅट्सकिलचाच आर्ट फ्लिक मोठ्या हॅकलच्या बिनपंखी माश्या बांधत असे, आणि मेफ्लायच्या नकलेसाठी. इंग्लंडमध्ये, हॅल्फर्डच्याच मुलखात, १९६० च्या दशकात ऑलिव्हर काइटने आपली इम्पीरियल ही बिनपंखी माशी लोकप्रिय केली. या सर्वांचं म्हणणं साधारण एकच: ताठ हॅकलचे तंतू उजेडात लुकलुकतात आणि त्या धूसर झळाळीतच माशाला पंखांचा भास होतो, वेगळे पंख कशाला?

युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण भास माशाला होतो असं म्हणायचं असेल तर मासा कुठून आणि कसा पाहतो हे सांगावं लागेल. या वादाचा गाभा इथे आहे.

पाण्यातून वर पाहणाऱ्या डोळ्याला बाहेरचं जग सगळीकडून दिसत नाही. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, आणि अगदी क्षितिजाजवळून, पृष्ठभागाला घासून येणारा किरणही पाण्यात शिरल्यावर उभ्या रेषेशी ४८.६ अंशांपेक्षा जास्त कलू शकत नाही. त्यामुळे माशाच्या डोक्यावर सुमारे ९७ अंशांचा एक शंकू तयार होतो आणि बाहेरचं अख्खं जग, आकाश, झाडं, काठावरचा माणूस, त्या शंकूच्या वरच्या गोलातच मावतं. या गोलाला खिडकी म्हणतात. तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पटींहून किंचित अधिक. मासा ३० सेंटीमीटर खोल असेल तर खिडकी ६८ सेंटीमीटर रुंद. तोच १० सेंटीमीटरवर आला तर जेमतेम २३. खिडकीच्या बाहेर पृष्ठभाग आरसा होतो. त्यात माशाला नदीचा तळ, शेवाळ, दगड उलटे दिसतात.

आता किडा वरच्या अंगाने वाहत येतो आहे. तो अजून खिडकीपासून बराच दूर, आरशावर आहे. पाण्याच्या वर असलेला त्याचा कोणताही भाग माशाला जवळजवळ दिसत नाही. दिसतात फक्त पाय. तेही पाय म्हणून दिसत नाहीत. पायांनी पाण्याच्या पृष्ठभागाला जिथे खळगे पाडलेत तिथे प्रकाश वेडावाकडा वळतो आणि अंधाऱ्या आरशात चार-सहा चमकते ठिपके सरकताना दिसतात. हॅकलच्या तंतूंची टोकं नेमकं हेच करतात. म्हणजे या टप्प्यावर बिनपंखी माशी आणि पंखांची माशी यांत माशाच्या दृष्टीने कोणताच फरक नाही.

फरक पडतो तो पुढच्या काही सेंटीमीटरमध्ये. किडा खिडकीच्या कडेजवळ येतो तेव्हा त्याचं अंग अजून आरशाआड असतं, पण उभा पंख उंच असल्याने त्याच्या टोकाकडून निघालेला प्रकाश कडेवरून आत डोकावतो. ही कडा विचित्र असते. क्षितिजापासून वरचे पहिले दहा अंश माशाला मिळून जेमतेम एका अंशात दाबलेले दिसतात, आणि इतक्या तिरप्या प्रकाशाचा बराच भाग पाण्यावरून परावर्तित होऊन जात असल्याने ते अंधुकही असतात. म्हणून पंख लगेच स्पष्ट होत नाही. एक सेंटीमीटर उंचीच्या पंखाचं गणित मांडलं तर किडा कडेपासून पाच-सहा सेंटीमीटर दूर असताना पंखाचं टोक नीट उमटू लागेल. या क्षणी माशाला काय दिसतं? खाली आरशात पायांचे ठिपके आणि त्यांच्यापासून सुटा, खिडकीच्या कडेवर तरंगणारा पंखाचा तुकडा. किडा पुढे सरकतो तसा तो तुकडा मोठा होत खाली उतरतो आणि शेवटी अंगाला येऊन जुळतो. सगळ्यात आधी पंख, मग अंग.

कर्नल ई. डब्ल्यू. हार्डिंगने १९३१ च्या आपल्या पुस्तकात ही मांडणी केली. पेनसिल्वेनियातल्या लेटॉर्ट या झऱ्याच्या संथ ओढ्यावर मासे धरणाऱ्या व्हिन्सेंट मॅरिनारोने १९५० साली तिच्यावर माशीची नवी रचनाच उभारली: पंख मोठे आणि गळाच्या मधोमध, हॅकल तिरपं. १९८० साली ब्रायन क्लार्क आणि जॉन गॉडर्ड या इंग्रज जोडीने टाक्या बांधून, पाण्याखालून छायाचित्रं काढून तेच दाखवलं. त्यांचा निष्कर्ष असा की मेफ्लायची खूण पटायला ट्राउटला दोन गोष्टी लागतात, आरशातले पायांचे ठिपके आणि खिडकीच्या कडेवरून उगवणारा पंख.

पंखांच्या बाजूने याहून मजबूत पुरावा मला माहीत नाही. पण त्याच प्रकाशशास्त्रातून त्याच्या मर्यादाही निघतात. कडेवरून उगवणारा पंख दिसायला कडा शाबूत हवी, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा. लाटा, बुडबुडे, फेस यांनी पृष्ठभाग फाटला की खिडकी एकसंध राहत नाही आणि ती पंखाची खूण शेकडो चमकांत हरवते. दुसरी मर्यादा वेळेची. सेकंदाला अर्धा मीटर वाहणाऱ्या पाण्यात ३० सेंटीमीटर खोल असलेल्या माशाला किडा कडेपासून डोक्यावर येईपर्यंत सुमारे पाऊण सेकंद मिळतो. मासा १० सेंटीमीटरवर असेल तर पाव सेकंदही नाही. आणि खिडकीच्या मधोमध आलेला किडा माशाला थेट खालून दिसतो: उजळ आकाशावर पोटाची काळी आकृती. उभा पंख त्या आकृतीत लपून जातो. म्हणजे हेविट नेव्हरसिंकच्या खळाळात बरोबर होता आणि हॅल्फर्ड टेस्टच्या संथ पाण्यात. दोघेही आपापल्या नदीशी प्रामाणिक होते. चूक झाली ती त्यांच्या वाचकांची, ज्यांनी एका नदीचा नियम दुसरीवर लादला.

हॅल्फर्डवर एक आक्षेप तरीही राहतो. त्याचे पंख हॅकलच्या दाट कड्यातून वर येत. बाजूने पाहिलं तर ते निम्मे तंतूंआड झाकलेले. पंख दिसायला हवा असेल तर हॅकल कमी हवं, हे उघड झाल्यावर दोन अमेरिकी, डग स्विशर आणि कार्ल रिचर्ड्स, टोकाला गेले. १९७१ सालच्या पुस्तकात त्यांनी हॅकल पूर्णपणे वगळलेली माशी मांडली. बदकाच्या पिसाच्या दोन पट्ट्या अंगाच्या दोन्ही बाजूंना, माशी अंगावर आणि पसरलेल्या शेपटीवर तरंगते. संथ पाण्यात ती अचाट काम करते आणि दोन-तीन माशांत तिची वाट लागते. तिचा दणकट भाऊ म्हणजे अल कॉची आणि बॉब नस्तासी यांचा कॉम्पॅराडन. त्यात हरणाच्या पोकळ केसांची जुडी पंख्यासारखी अर्धवर्तुळात उभारलेली असते. ती पंखही होते आणि माशीला तरंगतंही ठेवते. दोन पंख नाहीत, पिसाची नस नाही, पारदर्शकता नाही. आहे ती फक्त उंची आणि बाह्यरेषा. तरीही संथ पाण्यातले चोखंदळ ट्राउट तिला स्वीकारतात. माझं मत यावरच ठरलं आहे. माशाला हवी असते पंखाची उंची. पंखाची जोडी, रंग आणि कारागिरी यांची गरज त्याला नाही.

मेलेल्या किड्याचं प्रकरण निराळं. त्याचे पंख पाण्यावर सपाट पसरलेले असतात, म्हणून कडेवरून उगवण्याचा प्रश्नच येत नाही. ते आरशाला चिकटलेले असल्याने खिडकीबाहेरही दिसतात, आणि त्यांच्या नक्षीतून उजेड झिरपतो. टेस्टवरच्या हौटन क्लबचा रखवालदार विल्यम लन याने १९१७ साली बांधलेल्या माशीत पिसांची दोन टोकं आडवी पसरलेली आहेत. रात्रीच्या आधी पाणी शांत असतं, ट्राउट पृष्ठभागाशी येऊन सावकाश एकेक किडा टिपत असतो, आणि इथे बिनपंखी माशी चालवायची तर निदान हॅकल खालून-वरून छाटून आडवं तरी करावं लागतं. कॅडिस या दुसऱ्या जलकीटकाचे पंख अंगावर छपरासारखे उतरते असतात आणि अंगापेक्षा मोठे, त्यामुळे पंख वगळले तर कॅडिस उरतच नाही. उलट चिलटांच्या थव्यासाठी वापरतात ती ग्रिफिथ्स नॅट ही माशी म्हणजे मोराच्या पिसाचा तंतू आणि त्यावर हॅकल, बस्स. ती जॉर्ज ग्रिफिथच्या नावाने ओळखली जाते. ट्राउटच्या नद्या जपण्यासाठी १९५९ साली मिशिगनमध्ये स्थापन झालेल्या ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या संस्थापकांपैकी तो एक.

आता दुसऱ्या डोळ्याकडे वळू. बारा-पंधरा मीटर दूर, चकाकत्या पाण्यावर, सेंटीमीटरभराची करडी माशी शोधणाऱ्या माणसाचा डोळा. माशाने माशी घेतली हे कळलं नाही तर गळ ओढायचा कधी? १९३० च्या सुमारास ली वुल्फ या मासेमाराने हरणाच्या शेपटीच्या केसांचे जाड पंख बांधले ते तरंगण्यासाठी आणि दिसण्यासाठी. पॅराशूट पद्धतीत पंखाच्या जागी एक उभी जुडी असते आणि हॅकल तिच्याभोवती आडवं गुंडाळतात. ती जुडी पांढरी, कधी गुलाबी किंवा नारिंगी असते. या रंगाचा पंख कोणत्याही मेफ्लायला नसतो. १९८० च्या दशकात हान्स व्हान क्लिंकेन या डच मासेमाराने नॉर्वेच्या ग्लोमा नदीवर घडवलेल्या माशीत तर अंग पाण्याखाली लोंबतं आणि वर फक्त ती जुडी दिसते. अशा माश्यांचा पंख मुख्यतः माणसासाठी आहे हे मोकळेपणाने मान्य करावं. त्याने त्याचं मोल कमी होत नाही.

माणसाच्या डोळ्यासाठी पक्ष्यांनी मात्र जबर किंमत मोजली आहे. वूड डक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतकं विरळ झालं की १९१८ पासून अमेरिकेत त्याच्या शिकारीवर वीस वर्षांहून अधिक काळ बंदी होती. त्याच्या मांसासाठी आणि टोप्यांच्या पिसांसाठीही शिकार होत होतीच, पण माश्या बांधणारेही त्या गिऱ्हाइकांत होते. आणि इथे आपल्या सह्याद्रीचा संबंध येतो. राखी रानकोंबडा हा फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळणारा पक्षी. पहाटे घाटातल्या जंगलात त्याची तुटक बांग ऐकू येते. नराच्या मानेवरच्या प्रत्येक पिसाच्या टोकाला लाखेसारखा चकचकीत, पांढरट-पिवळा ठिपका असतो. या एका ठिपक्यासाठी त्याच्या मानेची कातडी ब्रिटिश काळापासून मोठ्या प्रमाणात परदेशी जात राहिली. पुढे भारताने निर्यात थांबवली आणि कायद्याने पक्ष्याला संरक्षण दिलं. आज बाजारात येणारी पिसं परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची असतात.

त्या पिसाचा सर्वांत बुद्धिमान उपयोग पुन्हा मॅरिनारोनेच केला. लेटॉर्टवर ट्राउट काहीतरी खात होते आणि पाण्यावर काही दिसत नव्हतं. त्याने काठावर आडवं पडून पृष्ठभागाशी डोळा नेला, तेव्हा गवतातून पडलेले अगदी बारीक किडे त्याला दिसले, त्यांत तुडतुडेही होते. कपाशी लावणाऱ्या विदर्भातल्या शेतकऱ्याला तुडतुडा वेगळा सांगायला नको. त्याची नक्कल म्हणून मॅरिनारोने बारीक हॅकल वर-खाली छाटलं आणि पाठीवर रानकोंबड्याच्या पिसाचा तो ठिपका सपाट चिकटवला. माशीला जाडी नव्हतीच. खालून पाहणाऱ्या माशाला जाडी कळत नाही, कळते फक्त अपारदर्शक आकृतीची कडा, हे त्याने ओळखलं होतं. पंख इथे पंखासारखा मुळीच दिसत नाही, तरी माशीचं सगळं काम तोच करतो.

याच्या अगदी उलट टोकाला सामन माशासाठीच्या व्हिक्टोरियन काळातल्या रंगीबेरंगी माश्या आहेत. त्यांचे पंख दुर्मीळ पक्ष्यांच्या पिसांनी सजवलेले असत आणि ते आजही हौसेने बांधले जातात, बहुतेकदा पाण्यात न टाकण्यासाठीच. २००९ साली इंग्लंडच्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली ती या छंदापायी. त्यातले काही नमुने निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले होते. माशाला ज्याची गरज नाही अशा पंखासाठी विज्ञानाचा अनमोल ठेवा फाडला गेला, याचा मला मनापासून संताप येतो.

काश्मीरला जाऊन ट्राउटवर गळ टाकण्याची संधी मिळाली तर पंखांचा निर्णय पाण्याकडे पाहून घ्यावा. पहलगामच्या वर लिद्दर दगडांवरून आदळत येते तिथे भरपूर हॅकलची बिनपंखी माशी पुरेशी आहे. पंख बांधायचाच तर पांढऱ्या जुडीचा, स्वतःला दिसावा म्हणून. कोकरनागसारख्या झऱ्यांचं स्वच्छ पाणी जिथे संथ होतं तिथे मात्र उभा पंख असलेली, कमी हॅकलची माशी हवी.

काश्मीरला न जाताही हे तपासता येतं. घरातल्या माशांच्या काचेच्या टाकीत काठोकाठ पाणी भरावं, ती टेबलाच्या कडेशी ठेवावी आणि खालच्या बाजूने, पृष्ठभागाकडे तिरपं पाहावं. पृष्ठभाग चांदीसारखा दिसेल तो आरसा. कापसाच्या वातीत रोवलेलं छोटं पीस पाण्यावर ठेवून ते हळूहळू आपल्याकडे सरकवलं की वात दिसण्याआधी पिसाचं टोक सुटं उमटतं. पीस निम्मं छाटून पुन्हा सरकवलं तर ते उशिरा आणि वातीच्या अगदी जवळ उमटतं. मेफ्लायचा पंख साधारण तिच्या अंगाच्या लांबीइतका उंच असतो, आणि माशी बांधणारे म्हणूनच पंखाची उंची गळाच्या दांड्याइतकी ठेवतात. पिसाऐवजी हरणाचे केस घेतले, कृत्रिम धागा घेतला, दोनाऐवजी एकच जुडी बांधली तरी चालेल. हे माप मात्र कमी करू नये.